पाचवी दुर्बीण

देवाची आण घिऊन सांगते, ह्यातला शब्दन् शब्द खरा हाय. खोटं असलं तर जीभ झडू दे माझी!

शहात्तर सालची गोष्ट. खानापूरकडच्या रवळूच्या रताळ्यांत रानडुक्कर शिरत हुतं. त्याला लांबनंच हेरून बार टाकायचा म्हणून रवळूनं बेळगावच्या कॅम्पातनं पाच दुर्बिणी पारखायला आणलत्या. सगळ्यात चांगली ती ठेवायची, बाकीच्या परत. पारख व्हायची ती अशी: रवळू रानातल्या राखणीच्या माळ्यावर बसून दुर्बीण डोळ्याला लावणार, आन त्याची बायको आक्काताई पार लांबच्या बांधावर जाऊन बोटं दाखवणार.

"तीन बोटं! बराबर? आता आणखी लांब जा गं!"

"अवो, आणखी लांब म्हंजे माझं म्हायेरच आलं की!"

सकाळपास्नं चालून तिच्या पायाचे तुकडे पडलते. पाचव्या दुर्बिणीला ती बांधावर पोचली, वळून बघती तर डुक्कर रवळूच्या माळ्याखालीच आरामात रताळी उकरतंय! तिनं दोन्ही हात वर करून जिवाच्या आकांतानं हलवलं.

रवळू माळ्यावर नाचायलाच लागला, "दहा! दहा बोटं! नखं सुदीक दिसत्यात! हीच ठेवायची!"

 

बरं बाबा, हात हलवलं एवढं मी माझ्या पदरचं घातलं. आक्काताईनं डुकराकडं बघितलं, बांधावर बुड टेकलं, आन पुन्हा चालायला लागू नये म्हणून मुकाट्यानं दहाच्या दहा बोटं वर केली.