सालीचा पूल

कुऱ्हाडीचा दांडा पहिल्यांदा धाकट्याच्या पाठीत बसला, मग खांद्यावर. तो सफरचंदाच्या बुंध्याशी उकिडवा बसला होता, तसाच तोंडावर आपटला. हातात चाकू. शेजारी सालीचे तुकडे. बुंध्याभोवती वीतभर उघडं, पांढरं लाकूड. सकाळच्या उजेडात थोरल्याला एवढंच दिसलं, आणि त्याला एवढंच पुरलं.

साल चहूबाजूंनी गेली की झाड संपलंच समजायचं. पानं काही महिने हिरवी राहून फसवतात, पण त्यांचं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही. आणि अशी अकरा झाडं. बापाने लावलेली, ऐन फळावर आलेली.

"सूड घेतोस?" थोरला ओरडला. "झाडांनी काय घोडं मारलं होतं तुझं?"

सुडाला कारण होतं, हे त्यालाही ठाऊक होतं. मागच्या वर्षी त्याने ख्रिस्ती देवळात सगळ्या मंडळीसमोर बायबलातल्या निष्फळ झाडावर उपदेश केला होता. फळ नसेल त्याने जागा अडवू नये, सरळ चुलीत जावं. बोलत होता झाडाबद्दल, बघत होता धाकट्याकडे. ना लग्न, ना घर, लोकांच्या बागांत कलमं बांधत हिंडायचं, रविवारी उपासनेला दांडी मारायची. धाकट्याने त्याच दिवशी पिशवी उचलली. पुन्हा बागेत पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन, असं थोरल्याने त्याला पाठमोरा असताना बजावलं होतं.

आता त्याने हात मोडला. तिसरा फटका धाकट्याच्या उजव्या पंजावर पडला. बोटं मोडल्याचा आवाज स्पष्ट आला, आणि खोटं कशाला सांगा, थोरल्याला बरं वाटलं. त्याने दांडा पुन्हा उचलला.

तो मागून कुणीतरी घट्ट धरला. बायको होती. हात कणकेने भरलेले.

"मलाही मारा," ती म्हणाली. "मीच बोलावलं भावोजींना. साल उंदरांनी खाल्लीय. थंडीत बुंध्याशी गवताचे ढीग तुम्ही लावलेत, त्यात त्यांनी बिऱ्हाड केलं. तुम्हाला कोण सांगणार? तुम्ही ऐकता कुणाचं?"

थोरला वाकला. लाकडावर बारीक दातांच्या खुणा होत्या, ओळीने. धाकट्याने नुसत्या जखमेच्या कडा साफ केल्या होत्या. पलीकडच्या झाडावर तीन कोवळ्या काड्या उभ्या बसवलेल्या दिसल्या. खालचं टोक खालच्या सालीत खोचलेलं, वरचं वरच्या. वर मेण. गेलेल्या सालीवरून अन्न उतरायला पूल केला होता पठ्ठ्याने.

एक झाड झालं होतं. दहा राहिली होती. ओल्या पोत्यात काड्या होत्या, आणि हे काम येणारा अख्ख्या परिसरात एकच हात होता. तो आता सुजून काळानिळा पडला होता.

थोरल्याने दांडा टाकून दिला. तो धाकट्याशेजारी खाली बसला.

"दवाखान्यात चला आधी," वहिनी धाकट्याला म्हणाली.

"हात थांबेल दुपारपर्यंत. काड्या नाही थांबायच्या." धाकट्याने रक्त थुंकलं. "दादा, चाकू घे."

"मला येत नाही रे."

"मारायला येतं तेवढं. धर."

थोरल्याने चाकू धरला. धाकटा बुंध्याला टेकून, कण्हत, सांगत राहिला. काडीचं टोक तिरकं काप. आता सालीला उभी चीर दे. हळू, खाटीक आहेस का? थोरल्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याला धड दिसत नव्हतं, आणि ते तो लपवतही नव्हता. चाकू सटकला. अंगठा हाडापर्यंत चिरला. कापलेल्या काडीवर, सालीवर, सगळीकडे त्याचं रक्त झालं.

"माझ्या हाताने काही जगायचं नाही," तो म्हणाला आणि चाकू खाली ठेवू लागला. "मी तुझा हात..."

धाकट्याने डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं. फुटलेल्या ओठांनी तो हसला.

"कापत राहा, दादा. दोन्हीकडे जखम झाल्याशिवाय कलम धरत नाही."