चर्चेविना मंजूर

विकास सोसायटीच्या सभेत विषय वाचून व्हायच्या आतच मागून ‘मंजूर, मंजूर’ असा गलका व्हायचा, कारण त्यानंतर भजी मिळायची. दुष्काळातसुद्धा ही रीत मोडली नव्हती. यंदा पाहुणे म्हणून खासदार आले होते. छाती फुगवून म्हणाले, “सीमेवरच्या मोहिमेचा सगळा खर्च आम्ही संसदेत चर्चा न करता पास केला. फौजेला हिशेब विचारायचा नसतो.” मंडप सवयीनं गरजला, “मंजूर, मंजूर.” छबुबाईचा नवराही ओरडला, तशी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच मोहिमेत बुटात बर्फ शिरल्यानं तिच्या लेकाच्या पायाची बोटं कापावी लागली होती. तरातरा स्टेजवर जाऊन तिनं पिशवीतून आणलेला तोच बूट खासदारांपुढच्या हारांच्या ढिगावर ठेवला. सोल निखळून लोंबत होता. “भजी नंतर खाऊ, साहेब,” ती म्हणाली. “आदी सांगा, ह्यो कुणी मंजूर केलता?”