राखीची लेंगी

रामधनच्या बहिणीने, राखीने, लेंगीचं, म्हणजे बंजाऱ्यांच्या होळीगीताचं, रेकॉर्डिंग टॉरेंटवर टाकलं होतं. ती पुढे म्हणायची, आई सुखीबाई मागून झील धरायची. राखी वारली, आणि रामधनचं डाउनलोड सरकारी फाईलच्या चालीने सरकत राहिलं.

"मी मेल्यावर आयकू का पोरीले?" आतून सुखीबाईने टोमणा मारला.

"येऊन राह्यलं, याडी."

त्याने राउटरमध्ये पोर्ट उघडला, तसा वेग दहापट झाला. टॉरेंटवर फाईल कुणाच्या तरी चालू कॉम्प्युटरवरूनच येते; इथे देणारा एकच होता आणि त्याचा पत्ता याच राउटरवरचा होता. घरात दुसरा कॉम्प्युटर नव्हता. राखीचा लॅपटॉप दिग्रसच्या भंगारवाल्याने केव्हाच नेला होता.

रामधनने इंटरनेटची वायर उपटली. वेग आणखी वाढला.

स्पीकर बंद होता. आत सुखीबाई झील धरू लागली. दर वेळी, राखीची ओळ संपेपर्यंत थांबून.