पिठाचे हात

"नाव सांग, धनेश. नायतर उद्यापासून कामावर येऊ नको."

धनेश पंचायतीचा शिपाई. बिचारा घाम पुसत उभा राहिला. "आईशप्पथ, सरपंच, मला कायपन ठाव न्हाय."

केसरीनाथने डोळे बारीक केले. कोन गावाच्या पुढे, हायवेपासून आत असलेल्या या गावात सगळे त्याला सरपंचच म्हणत आणि त्याला ते मनापासून आवडायचं. दोन वर्षांपूर्वी गुलाल उधळला, तेव्हाचा बॅनर अजून नाक्यावर लोंबत होता. त्यावर हात जोडलेला केसरीनाथ केवढा तरी मोठा आणि कोपऱ्यात टिकलीएवढी त्याची बायको, मनाली.

भानगड तलावाची होती. गावचा तलाव बुजवून तिथे गोदाम उभं करायला पंचायतीने परवानगी दिली आणि कुणीतरी वर तक्रार ठोकली. नुसती तक्रार नाही हो, सोबत ठरावांच्या झेरॉक्स! सोमवारी चौकशी होती. तोवर तक्रारदार सापडला तर त्याला गप्प बसवता आलं असतं. नाही सापडला, तर गोदाम गेलं, खुर्ची गेली आणि वर पोलीस केस.

"आतल्याच मानसाचं काम हाय," घरी आल्या आल्या तो म्हणाला. "फाईल एक तर ऑफिसात आसते, नायतर आपल्या घरात. मंजे धनेशनं त्या जीवनला दिली. दुसरं कोन?"

जीवन म्हणजे निवडणुकीत पडलेल्या पॅनेलचा म्होरक्या. तो समोरून नुसता हसला तरी केसरीनाथच्या पोटात दुखायचं.

मनाली तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. "जेवून घ्या आधी," ती म्हणाली.

"थांब. हा कागद बघ. मातीच्या भरावाचा."

तिने मान वाकवून कागद वाचला, पार शेवटच्या ओळीपर्यंत. मग पुन्हा परातीकडे वळली. "माजे हात पिठाचे हायत. तुमीच करा काय ते."

"तुजे हात कवा बघावं तवा पिठातच!" तो हसला आणि पेन काढून झटक्यात सही मारली. दोन वर्षांत सहीवर हात चांगला बसला होता.

मनालीचं हे ठरलेलंच. कागद आला की हिचं पीठ सुरू. एकदाच काय ते, अंगणवाडीच्या छताचा कागद आला तेव्हा तिने हात धुतले, पदराला पुसले आणि कागद जवळ ओढून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी केसरीनाथने तलावाकाठच्या गुणाबाईचा नळ तोडायला लावला. सत्तरीची म्हातारी, पण चारचौघांत बोलली होती की तलाव बुजवणाऱ्याचं वाटोळं होईल. संशयाला तेवढं पुरलं.

"त्या म्हातारीला धड दिसत न्हाय, ती कसली झेरॉक्स काढतेय?" मनालीचा आवाज चढला. "तिचं पानी कशाला तोडलं?"

"तुला काय कळतं त्यातलं? तू गप ऱ्हा."

खुंटीवरची कापडी पिशवी काढून तिने त्यात तांदूळ-डाळ भरली, कडेवर पाण्याचा हंडा घेतला आणि तरातरा गुणाबाईकडे निघून गेली. तिचं तोंड रागाने लाल झालं होतं. केसरीनाथचं लक्ष फोनमध्ये होतं.

शनिवारी तो शहरातल्या निजामपुऱ्यात गेला. झेरॉक्सची चार दुकानं पालथी घातल्यावर पाचवा दुकानदार आठवून म्हणाला, "पंचायत का कागज? हाँ सेठ, एक भाभी आती थी. कपड़े की थैली लेके."

केसरीनाथने मांडीवर थाप मारली. भाभी! जीवनची बायको वैशाली, दुसरी कोण! दर आठवड्याला निजामपुऱ्याच्या बाजारात असते ती. त्याने तिथूनच जीवनला फोन लावला आणि सोमवारपर्यंत तक्रार मागे घे नाहीतर बघून घेतो, असा दम भरला. जीवन नुसता "कसली तक्रार? कसली तक्रार?" करत राहिला. लबाड कुठचा!

सोमवारी पंचायतीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चौकशी अधिकारी रंजिता मॅडम टेबलाशी बसल्या. समोरच्या खुर्चीत केसरीनाथ, मागे भिंतीला टेकून जीवन आणि वैशाली, बायकांच्या घोळक्यात मनाली.

"तलावाच्या सगळ्या ठरावांवर एकच सही आहे," मॅडम म्हणाल्या. "फक्त अंगणवाडीच्या एका कागदावर वेगळी दिसते. म्हणून सही पडताळायची आहे. सरपंच, या कोऱ्या कागदावर सही करा."

केसरीनाथ त्या वेळी मान वळवून जीवनकडे बघत होता. नजर अशी की, आता तरी कबूल हो, नाहीतर तुझं काही खरं नाही. बघता बघताच त्याने खिशातलं पेन काढलं आणि सवयीने, कागदाकडे न बघता, झोकात सही मारली.

मॅडमनी कागद फाईलशेजारी धरला. एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं.

"तंतोतंत जुळते."

"जुळनारच की!" केसरीनाथ हसला. "आपला कारभार एकदम स्वच्छ, मॅडम."

"काय लिहिलंय तेही वाचते," मॅडम म्हणाल्या. "मनाली केसरीनाथ केणे."

केसरीनाथने कागदाकडे पाहिलं, मग हातातल्या पेनाकडे.

"तुम्हाला विचारलं नव्हतं मी," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "सरपंच कुठे आहेत?"

बायकांच्या घोळक्यातून मनाली उठली. काखेत कापडी पिशवी होती आणि हात स्वच्छ धुतलेले.

"मी हाय सरपंच," ती म्हणाली. "आन् तक्रार पन माजीच हाय."