माळ्यावरच्या झडपा

ब्रसेल्सच्या दवाखान्यातून माझी बायको लिस्बेट गेल्याचा फोन आला, त्या संध्याकाळी माळ्यावरच्या तांब्याच्या उथळ हौदात बिअरचा गरम काढा निवत होता. त्यात आम्ही यीस्ट घालत नाही. कौलांखालच्या झडपांतून रात्रभर येणारा वाराच तो आंबवतो. तिच्या पणजोबांनी इमारत त्यासाठीच तशी बांधली. मेहुणी गोडेलीव्हनं दुखवट्याच्या रिवाजाप्रमाणे घराच्या सगळ्या खिडक्या लावल्या, माळ्याच्या झडपाही. मी वर जाऊन त्या उघडू लागलो. “दाजी, आज तरी राहू द्या. गाव काय म्हणेल?” “गाव हीच बिअर पिणार आहे.” “तुम्हाला बिअरचंच पडलंय!” “सकाळी अँब्युलन्समध्ये चढवताना तीच म्हणाली, झडपा विसरू नकोस.” शेवटची झडप अडकली होती. गोडेलीव्हनं ती खांद्यानं ढकलून उघडली. त्या रात्रीची बिअर आता लाकडी पिंपांत तीन वर्षं मुरून तयार आहे. मी अजून चाखलेली नाही.