राणीच्या मिशा

निवृत्त होताना बाईंनी शाळेला गोष्टींची नवी पुस्तकं दिली होती, सोबत आपलं एक जुनंही. वर्षभरानं त्या बघायला आल्या. मुख्याध्यापिका त्यांचीच विद्यार्थिनी. तिनं हौसेनं कपाट दाखवलं. काचेआड पुस्तकं कोरी करकरीत, दाराला कुलूप. “कार्ट्यांच्या हाती दिली की वाट लावतात, बाई!” बाईंनी हळूच त्या जुन्या पुस्तकाचं विचारलं. त्याच्याच नादानं वर्गामागून वर्ग वाचायला लागले होते. “ते फाटकं? रद्दीत घातलं. कपाटाची शोभा जात होती.” बाईंना आठवलं. लहानपणी हिनंच ते दप्तरात दडवून घरी पळवलं होतं आणि आठवड्यानं परत आणलं तेव्हा आतल्या राणीला पेन्सिलीच्या झुपकेदार मिशा फुटल्या होत्या. “त्यातल्या राणीच्या मिशा आठवतात का गं?” “राणीला मिशा?” ती खळखळून हसली. “काहीतरीच काय, बाई!” आणि तिनं कुलूप ओढून पाहिलं.