पहिलं बक्षीस

लकव्यानं एक अंग गेलेला डोमाजी इचोडा गावी रस्त्याकडेच्या घरापुढं खाटेवर पडून लॉटरीची तिकिटं घ्यायचा. लागली तर ट्रक घेईन, माडी बांधीन, असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. त्याला धुऊन-पुसून, जेवू घालून मग त्याची बायको देवकाबाई तिथंच भाजी विकायला बसायची. लॉटरी लागली तर ती काय करील, हे कोणी विचारलं नव्हतं.

एकदा शेजारच्या हॉटेलवाल्या माणिकरावानं गंमत म्हणून नागपूरचा पेपर नाचवला. "डोमाजी, पह्यलं बक्षीस तुलेच लागलं ना बे!"

देवकाबाई हात पुसत आत गेली आणि लुगड्याचं गाठोडं घेऊनच बाहेर आली.

"आता पैसे देऊन माणूस ठेवजा. मी चालली माहेरी."

"काऊन वं?"

"काऊन म्हंजे? आजवर पैसे नव्हते, म्हून होती."

माणिकराव घाबरला. "वयनी, मी तं मजाक करून राह्यलो होतो."

तिनं गाठोडं आत ठेवलं आणि डोमाजीला भात भरवला.

डोमाजीनं तिकीट घेणं सोडलं. मग दर आठवड्याला देवकाबाई घेऊ लागली.



तिला वाचता येत नव्हतं. निकाल डोमाजीच वाचून सांगायचा.